चौदा सापळे: नारायण पेठेतल्या एका कॉट-बेसिस फ्लॅटचं प्रकरण

पहाटे सव्वापाचला स्वयंपाकघराचा दिवा लावला की मी क्षणभर दारातच थांबायचो. उजेड पडताच ओट्यावरून, शेगडीखालून, सिंकच्या कडेने सुपात तांदूळ हलवावेत तसा बारीक आवाज यायचा. तो थांबला की आत जायचं. पातेलं दोनदा विसळायचं, गाळणी दिव्यासमोर धरून बघायची, साखरेच्या बरणीचं झाकण काढून त्याच्या आट्यांमध्ये काही बसलंय का ते पाहायचं आणि मगच चहा ठेवायचा. चहाला पाच मिनिटं लागायची, या तपासणीला सात.

दोन महिन्यांत हे इतकं अंगवळणी पडलं की त्यात काही वावगं आहे असं वाटेनासं झालं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून काढतोय. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात येऊन पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे फ्लॅटमधल्या एका कॉटपुरतं भाडं भरून, राहणाऱ्यांपैकी फार थोडे जण या त्रासातून सुटले असतील. पण याबद्दल कोणी बोलत नाही, कारण लाज वाटते. झुरळं आहेत, ढेकूण आहेत असं सांगितलं की समोरचा मनात म्हणतो, पोरं घाणीत राहतात. मीही तेच मानत होतो. तीन रात्रींच्या मोजणीनंतर माझा तो समज गेला.

घर आणि माणसं

इमारत जुनी, तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला दोन फ्लॅट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, पाच लोखंडी कॉट आणि पाच जण. आमच्यात नावांपेक्षा गावांच्या हाका जास्त चालतात, म्हणून इथेही तसंच लिहितो: लातूर, जळगाव, यवतमाळ, सांगली आणि मी. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन मी राज्यसेवेची तयारी करायला आलो. आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, डब्याच्या काकू. वीस-बावीस मुलांचे डबे त्या एकट्या करतात. आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर आजी-आजोबा. या तिन्ही स्वयंपाकघरांच्या मागून एकच डक्ट खालपर्यंत जातो. सगळे पाइप त्यातूनच जातात. नीट माहिती होती ती एवढीच, आणि पुढे सगळा उलगडा याच माहितीतून झाला.

फ्लॅट घेताना भिंती नव्याने रंगवलेल्या होत्या. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, कॉटमागे भाडं. कॉट उलटी करून बघावी हे पाचांपैकी एकालाही सुचलं नाही.

जूनमधला एक दिवस

त्या महिन्यात अभ्यासिकेची फी वाचवायची म्हणून मी घरीच अभ्यास करत होतो. त्यामुळे घरातला अख्खा दिवस कसा जातो ते मला नीट सांगता येईल. वहीत टिपलेला एक दिवस देतो. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं, म्हणूनच तो निवडला.

सव्वापाचला वर सांगितलेला चहा. साडेपाच ते साडेसात राज्यघटना. पुस्तक उघडण्याआधी ते उभं धरून टेबलावर दोनदा आपटायचं, कारण जाड पुस्तकांच्या पुठ्ठ्यामागच्या पोकळीत झुरळांची पिल्लं बसतात आणि बांधणीची खळ खातात. माझ्या एका पुस्तकाचा कणा अशानेच सुटत आला होता.

साडेसातला लातूर उठला. त्याच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओळीने चार लाल गाठी. चादरीवर मोहरीएवढे दोन तांबडे डाग. तो म्हणाला, "डास असतील." मीही "असतील" म्हणालो. डास ओळीने चावत नाहीत हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत असावं.

दहाला ऑनलाइन सराव परीक्षा. राउटर भिंतीवरच्या फळीवर, माझ्या डोळ्यांच्या रेषेत. एकोणिसाव्या प्रश्नाला राउटरच्या हवेच्या फटींतून दोन मिशा बाहेर आल्या, मग डोकं, मग मानेवरचे दोन काळे समांतर पट्टे. ते झुरळ तिथेच थांबून मिशा हलवत राहिलं. उबदार, अंधारी, कोणी हात न लावणारी जागा त्याला हवी असते आणि राउटर तिन्ही बाबतींत उत्तम. माझं लक्ष गेलं ते गेलंच. शंभरपैकी बावन्न.

झुरळ भरदिवसा उजेडात दिसलं, ही त्यातली वाईट गोष्ट. ही जात निशाचर आहे, दिवसाचा बराचसा वेळ फटीत काढते. दिवसा बाहेर येतं ते फटीत जागा उरली नाही म्हणून, किंवा भुकेपोटी. पदवीला कीटकशास्त्र शिकताना हे मी पाठ केलं होतं. स्वतःच्या घरात बसून ते आठवलंच नाही.

एकला डबा. कापडी पिशवीच्या तळाशी एक तपकिरी, बारीक आडव्या रेघांची, चवळीच्या दाण्याएवढी कुपी चिकटलेली दिसली. झुरळाची अंडीकुपी. एका कुपीत तीस-चाळीस अंडी असतात. मी ती कागदात धरून जाळली, पण जळगावने पाहिली होती. तो खाली गेला आणि दारातूनच म्हणाला, "काकू, तुमच्या डब्यातून झुरळं येतात आमच्याकडं." काकू काही बोलल्या नाहीत.

दुपारी आईचा फोन. जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, पुढच्या महिन्यात मी येऊन जाऊ का दोन दिवस? मी म्हणालो, "नको गं आई, इथं जागा नाही." जागा होती. सांगली गावी जाणार होता, त्याची कॉट रिकामी राहणार होती. पण त्या कॉटवर आईला झोपवायचं माझ्या जिवावर आलं.

संध्याकाळी मालकांना फोन केला. ते दुसरीकडे राहतात. म्हणाले, "मागच्या पोरांनी कधी तक्रार केली नाही. स्वच्छता ठेवा जरा." रात्री दहाला रोजची फवारणी. स्प्रेचा डबा हलवायचा, सिंकखाली, फ्रिजमागे मारायचा आणि अर्धा तास सगळे गॅलरीत. त्या अर्ध्या तासात लातूरला खोकल्याची उबळ यायची. त्याला लहानपणापासून दमा. झुरळांची विष्ठा आणि कात यांच्या धुळीने दमा चाळवतो, आणि वरून स्प्रेचा वास. त्या महिन्यात त्याचा दम्याचा पंप पूर्वीपेक्षा लवकर संपत होता. रात्री दीडला तो कॉटवर उठून बसलेला असायचा, मोबाइलचा उजेड चादरीवर टाकून.

हा झाला एक दिवस. असे साठ-सत्तर दिवस काढले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा डबा पिशवीशिवाय आला. नुसता स्टीलचा, घासून पुसलेला, झाकणाच्या कडेला अजून पाणी होतं. तो ओला डबा हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता याचं काहीतरी केलंच पाहिजे.

आधी मोजणी

शेतात कीड दिसली की पहिला प्रश्न औषध कोणतं हा नसतो, किती आणि कुठे हा असतो. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले की नुकसानीची पातळी ओलांडली असं समजतात आणि मग फवारणीचा विचार करतात. चार वर्षं हे शिकून मी घरात मात्र रोज रात्री डोळे मिटून स्प्रे मारत होतो.

उंदरांसाठी मिळतात ते गोंदाचे पुठ्ठे आणले. कात्रीने तुकडे केले, मागे मार्करने आकडे घातले, मधोमध पावाचा कण ठेवला. तीन रात्री स्प्रे बंद. आमच्या घरात आठ सापळे. काकूंकडे तीन आणि आजींकडे तीन लावायचे तर आधी परवानगी हवी होती. आजींनी लगेच होकार दिला. काकूंकडे जायला जळगाव तयार होईना. शेवटी मी गेलो आणि म्हणालो, "काकू, आम्ही चुकलो असू तर यातून कळेल." त्यांनी दार उघडं ठेवलं आणि आत निघून गेल्या. मी सापळे ठेवून आलो.

तीन रात्रींनंतरचे आकडे असे. सिंकखाली, पाइप भिंतीत शिरतो त्या भोकाशी ४१. फ्रिजमागे ३७. ओट्याखाली २२. राउटरच्या फळीवर ११. चपलांच्या स्टँडखाली ३. न्हाणीघरात २, पण ती मोठी, लालसर, गटारातली वेगळी जात. झोपायच्या जागी दोन सापळे, एकात शून्य, एकात १. एकूण ११७. आजींच्या तीन सापळ्यांत मिळून ३८. काकूंच्या तीन सापळ्यांत मिळून ६.

वीस-बावीस जणांचा स्वयंपाक रोज होतो त्या घरात सहा!

मी आणि जळगाव ते तीन पुठ्ठे घेऊन खाली गेलो. पुठ्ठे त्यानेच हातात धरले होते. तो म्हणाला, "काकू, मी बोललो ते चुकीचं होतं. आमच्याकडं एकशे सतरा निघाली, तुमच्याकडं सहा." काकूंनी चष्मा लावला, एकेक पुठ्ठा उजेडाकडे तिरका करून स्वतः मोजला. मग म्हणाल्या, "सहा तरी का आहेत?" त्या रोज रात्री ओटा कडकडीत पाण्याने धुतात, सिंक पुसून कोरडं करतात आणि नळाखाली वाटी ठेवतात, हे तेव्हा कळलं. झुरळ अन्नाशिवाय बरेच दिवस तगतं, पण पाण्याशिवाय साधारण दोन आठवड्यांच्या आत मरतं. पुस्तक न वाचता त्यांनी नेमकं तेच तोडलं होतं. डब्याच्या पिशवीवरची कुपीही, आता वाटतं, आमच्याच घरातली असणार. रिकाम्या पिशव्या रात्रभर आमच्या ओट्यावर पडलेल्या असायच्या.

आकड्यांइतकंच महत्त्व होतं झुरळं पुठ्ठ्यावर कुठल्या बाजूला चिकटली याला. सिंकखालचा पुठ्ठा मी भिंतीशी समांतर ठेवला होता. त्यावरच्या ४१ पैकी ३४ भिंतीकडच्या कडेला होती. म्हणजे ती घरातून भोकाकडे निघाली नव्हती, भोकातून घरात येत होती. आणि ११७ पैकी नव्वदच्या आसपास बिनपंखी पिल्लं. चुकून आलेली पाहुणी मोठी असतात. इतकी पिल्लं दिसली की वीण जवळपास कुठेतरी चालू आहे असं समजायचं.

न्हाणीघराच्या झडपांच्या खिडकीतून डक्टमध्ये टॉर्च मारला. आमच्याच मजल्याच्या पातळीला सांडपाण्याच्या पाइपचा सांधा ठिबकत होता. भिंतीवर हिरवट ओल. खाली तळाशी थर्माकोल, पिशव्या, एक फुटकी बादली, सगळ्या मजल्यांवरून वर्षानुवर्षं टाकलेला कचरा. ओल्या भागावर टॉर्च धरला आणि भिंतच हलतेय असं वाटलं. लातूर माझ्या खांद्यावरून बघत होता. तो मागे झाला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग आजींकडच्या ३८ चं काय? इथे आमची चूक आहे आणि ती सांगायलाच हवी. बाजारातल्या बहुतेक स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. थेट अंगावर पडली की झुरळ मरतं, पण बाकीची त्या वासाला बुजून पांगतात. रोज रात्री आम्ही ज्यांना मारत होतो त्यांच्याहून जास्त झुरळं डक्टमधून वर पाठवत होतो. आजींना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्याकडची आमच्याकडे आली?" मी म्हणालो, "हो, आजी." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मी यांच्यावर चिडत होते, फरसाणाचे डबे उघडे टाकतात म्हणून."

या झुरळाला जर्मन झुरळ म्हणतात. लिनियसने १७६७ मध्ये हे नाव दिलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातून मात्र असं दिसलं की ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात आशियाई झुरळापासून निघाली आणि माणसांबरोबर जगभर पसरली. रानात ती आढळत नाही, माणसाच्या घरातच राहते. दोन हजार वर्षं जी आपल्या उंबऱ्याच्या आत राहतेय ती एका पोराने दोन दिवस भांडी घासली नाहीत म्हणून आलेली नसते. भांडी वेळेवर घासलीच पाहिजेत, त्याने फरक पडतो. पण वर्षानुवर्षांच्या ठिबकणाऱ्या पाइपचा दोष पाच भाडेकरूंच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

औषधांबद्दल

याआधी मालकांनी एकदा माणसं पाठवली होती. दोघे आले, पंपाने पंधरा मिनिटांत घरभर फवारलं आणि गेले. औषधाचं नाव विचारलं तर "स्ट्राँग आहे" एवढंच उत्तर. कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आहे, कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्याला परवाना लागतो आणि तो आपण बघायला मागावा. डब्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा त्रिकोण मी पाचही जणांना एका रात्रीत शिकवला. तो सगळ्यांना ओळखता यायला हवा.

एका रात्री वैतागून जळगाव म्हणाला, "गावाकडून कपाशीवरचं औषध आणतो, एका झटक्यात साफ." यवतमाळ तोपर्यंत पुस्तकात डोकं घालून बसला होता. त्याने पुस्तक मिटलं. २०१७ मध्ये त्याच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते त्याने जवळून पाहिलंय. तो म्हणाला, "उघड्या रानात माणसं मेली, लेका. तू बंद खोलीत आणणार?" तो विषय तिथेच संपला.

तसाच एक सल्ला एका दुकानदाराने दिला: धान्यात ठेवायच्या गोळ्या कॉटखाली ठेवा आणि दार लावून घ्या. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि तो भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही मारतो. घरात कीड मारायला गेले आणि अख्खं कुटुंब गेलं अशा बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतच असतात. परवानाधारक माणसाच्या देखरेखीखेरीज या गोळ्या वापरायला मनाई आहे. कोणी कितीही आपुलकीने सांगितलं तरी त्या घरात आणू नका. या एका बाबतीत मी कुणाशी वाद घालत बसत नाही, सरळ नाही म्हणतो.

आम्ही केलं ते असं. आधी ओटा, फ्रिजची मागची बाजू, कपाटांचे कोपरे साबणाच्या पाण्याने दोनदा धुतले, कारण स्प्रेचा अंश राहिला तर झुरळ नंतर लावायच्या विषारी जेलकडे फिरकत नाही. मग इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं जेल. त्याची सिरिंज मिळते. मसुराच्या डाळीएवढा एकेक ठिपका बिजागरीमागे, ओट्याच्या कडाप्प्याखालच्या सांध्यात, फ्रिजच्या मोटरच्या चौकटीवर, राउटरच्या फळीच्या खालच्या अंगाला. मोठा गोळा एका जागी ठेवून उपयोग नसतो. छोटे आणि पुष्कळ ठिपके हवेत, झुरळाच्या वाटेवर. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, फटीत परत जातं. तिथे त्याची विष्ठा नि मेल्यावर त्याचं शरीर इतर झुरळं खातात आणि तीही मरतात. फटीबाहेर न पडणाऱ्या पिल्लांपर्यंत विष पोहोचतं ते असं.

आजींकडे आणि काकूंकडेही त्याच दिवशी जेल लावलं. तिन्ही घरांत एकदम करणं हाच यातला मुख्य भाग. एका घरात औषध आणि शेजारी काहीच नाही, तर डक्ट दोन आठवड्यांत तुमचं घर पुन्हा भरतो. सिंकखालचं भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवलं. पाइपचा सांधा मात्र आमच्या हातातला नव्हता. आकड्यांचा कागद, पुठ्ठ्यांचे फोटो आणि तिन्ही घरांच्या सह्या मालकांना पाठवल्या. मुलांच्या तक्रारीला न हललेले मालक आजोबांची सही बघून चौथ्या दिवशी प्लंबर घेऊन आले. याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण सांधा दुरुस्त झाला आणि डक्टमधून अकरा पोती कचरा निघाला.

पंधरा दिवसांनी आमच्या आठ सापळ्यांत २९. दीड महिन्याने ४. आजींकडे ३८ चे ५. काकूंकडे शून्य, आणि तो आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

ढेकणांची गोष्ट वेगळी

आमची मोठी चूक म्हणजे झुरळं आणि ढेकूण यांना एकच स्प्रे आणि एकच उपाय लावत होतो. झुरळाला अन्न-पाणी ओट्यावर मिळतं, ढेकणाचं अन्न आपण स्वतः. जेल तो खात नाही. गोंदाच्या पुठ्ठ्यावर पावाला भुलत नाही. स्वच्छ घर आणि अस्वच्छ घर यांत तो काही फरक करत नाही, झोपलेला माणूस असला की झालं. नेहमीच्या औषधांना त्याच्या बऱ्याच पिढ्या आता दाद देत नाहीत.

एका रविवारी लातूरची कॉट उलटी केली. चौकोनी लोखंडी पाइप, टोकांची रबरी बुचं कधीच हरवलेली. एक जुनं एटीएम कार्ड सांध्यात घालून ओढलं तर कडेला काळे ठिपके आले, बॉलपेनची शाई ओघळावी तसे. ती त्यांची विष्ठा. मागोमाग फिकट पिवळ्या काती. आणि सांध्याच्या आत चिकटलेली, खसखशीसारखी पांढरी अंडी. पाइपच्या उघड्या टोकात टॉर्च धरला तर आतली भिंत तपकिरी दाण्यांनी भरलेली. चिरडलेल्या कोथिंबिरीसारखा उग्र गोडसर वास आला. लातूर म्हणाला, "मी तीन महिने यावर झोपतोय," आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्याला सांगितलं ते इथेही सांगतो: ढेकूण माणसात रोग पसरवतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही. चावतात, खाज येते, झोप जाते. पण परीक्षेच्या तोंडावर झोप जाणं म्हणजे थोडं नुकसान नाही.

ढेकूण आणि त्याची अंडी पन्नास अंशांच्या वर तगत नाहीत. उन्हाळ्यात हे सोपं होतं. आमच्यावर वेळ आली ती जुलैत, जेव्हा पुण्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. म्हणून उकळतं पाणी. काकूंनी त्यांचं मोठं पातेलं दिलं आणि वर त्यांच्याच गॅसवर पाणी तापवून दिलं. आम्ही कॉट न्हाणीघरात उभ्या करून प्रत्येक सांध्यात, प्रत्येक पाइपच्या तोंडात किटलीने ओतत गेलो. चादरी, अभ्रे, कपडे उकळत्या पाण्यात. गाद्यांच्या शिवणींवरून कडक इस्त्री, सावकाश, बोटभर अंतराने. प्लायवूडच्या फळ्या जिथे फुगलेल्या होत्या त्या टाकून दिल्या. लातूरची गादी वाचवण्यासारखी नव्हती. ती खाली नेऊन ठेवण्याआधी यवतमाळने तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत "ढेकूण आहेत, नेऊ नका" असं लिहिलं आणि सुरीने चार ठिकाणी फाडली. कुणी गरजू माणूस ती उचलून घरी नेईल, हे त्यालाच सुचलं.

मग कॉट भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत प्लास्टिकचा वाडगा ठेवला, आतून टाल्कम पावडर चोळलेला. ढेकणाला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. जमिनीवरून कॉटकडे निघालेला आणि कॉटवरून खाली उतरलेला, दोन्ही वाडग्यात अडकतात. वाडगा हाच ढेकणांचा सापळा, हेच त्यांचं मोजमाप. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर आठव्या दिवशी पुन्हा उकळतं पाणी. एकदा करून थांबलं की राहिलेल्या अंड्यांतून सगळं नव्याने सुरू होतं. आम्ही पाच वेळा केलं. पहिल्या आठवड्यात वीस वाडग्यांत मिळून १४, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात ३, मग १, मग काही नाही. ऑगस्टच्या मध्यात लातूर पहिल्यांदा सकाळी सातपर्यंत झोपला. आम्ही चौघे स्वयंपाकघरात कुजबुजत चहा पीत होतो, त्याला जाग येऊ नये म्हणून.

दिवाळी

ऑक्टोबरात घरी निघताना माझ्या मनात एकच भीती होती, बॅगेतून एखादा ढेकूण गावच्या घरी गेला तर. उतरल्यावर मी बॅग ओसरीवरही नेली नाही. अंगणात फरशीवर उघडून कपडे उन्हात पसरायला लागलो. आई दारात येऊन बघत राहिली. मग विचारलं, "ढेकूण झालेत का रे तिकडं?"

जूनपासून मी तिला एक शब्द सांगितला नव्हता. तिला येऊ दिलं नव्हतं. आता सगळं सांगितलं: झुरळं, काकू, कॉट, लातूर. ती मध्ये काही बोलली नाही. सांगून झालं तेव्हा ती आत गेली आणि चुलीवर पाणी ठेवून आली. म्हणाली, "आमच्या घरी खाटा होत्या, तेव्हा दर वैशाखात असंच. पाणी उकळायचं, सुंभाच्या गाठीगाठीत ओतायचं, खाट उन्हात आपटायची. आजी तुझी म्हणायची, एकदा करून भागत नाही, आठ दिवसांनी परत." थोड्या वेळाने म्हणाली, "मला सांगायचंस की. मी आले असते पाणी तापवायला."

तिने बॅग उलटी केली, शिवणीवरून नख फिरवत गेली आणि चेनच्या खालच्या घडीशी थांबली. काही नव्हतं. तरी तिने किटली आणली.